मुक्या रुग्णाचा नवा डॉक्टर

बदलीची ऑर्डर आली की घरात याद्या सुरू होतात. मुलांच्या शाळेचे दाखले, गॅसची जोडणी, बँकेतला पत्ता, सामान बांधणारी माणसं, नव्या सोसायटीचा करारनामा. घरात कुत्रा असेल तर त्याच्या नावापुढे बहुतेक घरांत एवढंच लिहिलेलं असतं: न्यायचा कसा, रेल्वेने की गाडीने? पोचल्यावर त्याला तपासणार कोण, हा प्रश्न यादीत नसतो. तो उभा राहतो नव्या शहरातल्या पहिल्या आजारपणात, आणि बरेचदा रात्री. मग मोबाईलवर शोधाशोध होते आणि जो दवाखाना उघडा सापडेल तिथे कुत्र्याला नेलं जातं.

मला या लेखात एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. कुत्र्याचा नवा डॉक्टर त्याच्या आजारपणात शोधायचा नसतो. तो धडधाकट असताना, स्वतःच्या पायांनी दवाखान्याच्या पायऱ्या चढत असताना शोधायचा असतो. आजारी कुत्रा हातात असताना आपण डॉक्टरची पारख करू शकत नाही. त्या वेळी समोर येईल त्याच्यावर विश्वास ठेवणं एवढंच आपल्या हाती उरतं.

महाराष्ट्रात आज बँकेतली, रेल्वेतली, पोलीस खात्यातली, आयटी कंपन्यांतली हजारो कुटुंबं दर काही वर्षांनी शहर बदलतात आणि त्यांच्यातल्या कितीतरी घरांत कुत्रा असतो. माणसांसाठी नव्या गावी डॉक्टर शोधताना आपण चार ठिकाणी विचारतो. ज्या रुग्णाला कुठे दुखतंय हे सांगता येत नाही त्याच्यासाठी खरं तर त्याहून जास्त विचारायला हवं.

निघताना बरोबर काय घ्यायचं

आमचं स्थलांतर पुण्याहून नागपूरला झालं. काजू आमची गावठी कुत्री, अंगाने तांबूस, वयाने नऊ वर्षांची. पिल्लू होती तेव्हापासून कोथरूडचे एकच डॉक्टर तिला तपासत आले होते. तिला एकदा गोचीडताप होऊन गेलाय, मागच्या उजव्या पायाच्या सांध्यात दुखणं सुरू झालंय, टेबलावर उचलून ठेवलं की तिची शेपटी पोटाखाली जाते, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. बदलीचं सांगायला गेले तेव्हा त्यांनी काजूचे सगळे जुने कागद काढले. "ताई, काजू तिकडच्या डॉक्टरांना काही सांगणार नाही. जे सांगायचं ते या कागदांनीच सांगायला हवं," असं म्हणत त्यांनी तिथेच बसून तिच्या प्रकृतीचा सारांश लिहून दिला.

असा सारांश प्रत्येकाने मागून घ्यावा. त्यात कुत्र्याचं वय आणि वजन हवं. लसींच्या आणि जंताच्या औषधाच्या तारखा हव्यात. नसबंदी झाली असेल तर केव्हा झाली आणि भूल कुठली दिली होती, हेही हवं. कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या किंवा तोंड सुजलं होतं, याची नोंद हवी. चालू औषधं असतील तर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅममधलं प्रमाण हवं, कारण एका शहरात सहज मिळणारी गोळी दुसऱ्या शहरात वेगळ्या नावाने मिळते. शेवटच्या रक्ततपासणीचे अहवाल मूळ स्वरूपात हवेत. एक्स-रे असतील तर त्यांच्या फिल्म किंवा फाईल मागून घ्याव्यात, कारण 'एक्स-रे नॉर्मल होता' एवढ्या वाक्यावरून नव्या डॉक्टरला जुन्या आणि नव्या सांध्याची तुलना करता येत नाही.

हे कागद जिवाशी निगडित आहेत. सांधेदुखीसाठी कुत्र्यांना मेलॉक्सिकॅमसारखं वेदनाशामक दिलं जातं. ते सुरू असताना दुसऱ्या डॉक्टरने खाजेसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर दोन्ही औषधं मिळून पोटात व्रण करतात, आतून रक्तस्राव होऊ शकतो. फिट्स येणाऱ्या कुत्र्यांना बहुधा फिनोबार्बिटोन, म्हणजे गार्डिनाल, वर्षानुवर्षं द्यावं लागतं. ते अचानक थांबलं तर फिट्स आधीपेक्षा जोराने येतात, आणि ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही. घर बदलण्याच्या धांदलीत गोळ्या संपल्या आणि नवा डॉक्टर अजून ठरलेला नाही, ही वेळ अशा कुत्र्यावर येऊ देता कामा नये. निघताना निदान महिनाभराचा साठा आणि ताजी चिठ्ठी जवळ असावी.

प्रवासासाठीही पशुवैद्याचं प्रमाणपत्र लागतं. रेल्वेने न्यायचं तर प्रथम वर्गातला पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर हवी, नाहीतर कुत्रा ब्रेकव्हॅनमधल्या पेटीतून जातो. परदेशी जाणाऱ्यांचा हिशेब आणखी लांबचा असतो. जर्मनी किंवा ब्रिटनला भारतातून कुत्रा न्यायचा तर आधी मायक्रोचिप बसवायची आणि त्यानंतर रेबीजची लस द्यायची. हा क्रम उलटला तर लस धरली जात नाही. लसीनंतर निदान 30 दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचा, त्यात प्रतिपिंडांचं प्रमाण 0.5 आययू किंवा जास्त यावं लागतं, आणि नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावं लागतं. ज्यांच्या हातात व्हिसा आहे त्यांनी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

गाव बदललं की दुखणी बदलतात

नागपूरला पोचल्यावर शेजारच्या काकूंनी काजूकडे बघत मला धीर दिला, "काहून टेन्शन घेता ताई? आपलं व्हेटर्नरी कॉलेज आहे ना सेमिनरी हिल्सले!" नागपूरकरांना या कॉलेजचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. पण मला त्या दिवसांत पहिली काळजी होती ती उन्हाची. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि अंगातली उष्णता तो धापा टाकून, जीभ बाहेर काढून घालवतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही नीट जमत नाही. पुण्यात दुपारी चालून येणारं पग नागपुरात त्याच वेळी चाललं तर जीव गमावू शकतं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. उष्माघातात ते 105 च्या वर जातं, आणि तसंच राहिलं तर मूत्रपिंडं, यकृत, मेंदू आणि रक्त गोठण्याची यंत्रणा अशी एकामागून एक कोलमडत जातात. अशा वेळी आधी साध्या पाण्याने अंग भिजवायचं, पंखा लावायचा आणि मग गाडीत घालायचं. नव्या गावातल्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत विचारायचा एक प्रश्न यातून निघतो: इथल्या हवेत माझ्या कुत्र्याला काय होऊ शकतं? ज्याने त्या मातीत वर्षं काढली आहेत तो डॉक्टर या प्रश्नावर भरभरून बोलतो.

मुंबईत आणि कोकणात हाच प्रश्न विचारला तर लेप्टोस्पायरोसिसचं नाव आधी येईल. उंदीर-घुशींच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात मिसळणारा हा जिवाणू आहे, आणि जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईने माणसांमध्येही त्याची साथ पाहिली. कुत्र्यांच्या एकत्रित लसीत लेप्टोचा भाग असतो, पण त्याचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं. कोरड्या गावातून पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईला येणाऱ्याने आपल्या लसीची तारीख पाहायलाच हवी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घर घेणाऱ्याने सापाचा विचार करावा. फुरसं, घोणस, नाग आणि मण्यार यांच्या विषावर माणसांसाठी जे प्रतिविष वापरतात तेच कुत्र्यांनाही देतात. ते जवळच्या कुठल्या दवाखान्यात ठेवलेलं असतं, हे साप चावण्याआधी माहीत असलं तरच उपयोग.

गोचीड मात्र सगळीकडे आहे. आपल्याकडे कुत्र्याच्या अंगावर दिसणारी तपकिरी गोचीड घरातच, भिंतीच्या भेगांत आणि फरशीच्या सांध्यांत अंडी घालते. तिच्यामुळे होणाऱ्या सगळ्या तापांना आपण सरसकट 'टिक फिव्हर' म्हणतो, पण आत वेगवेगळे आजार असतात. एर्लिकियामध्ये रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात, नाकातून रक्त येऊ शकतं. बॅबेसियामध्ये तांबड्या पेशी फुटतात, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन साधारण चार आठवडे द्यावं लागतं, बॅबेसियाची औषधं वेगळी आहेत. म्हणून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून पाहणारा किंवा तशी तपासणी करून घेणारा डॉक्टर हवा. शिवाय एर्लिकिया अंगात महिनोन्महिने लपून राहू शकतो. कुत्रा जुन्या शहरातून दुखणं घेऊन आलेला असतो आणि ते नव्या शहरात डोकं वर काढतं. 'कुठून आलात? तिथे काय काय झालं होतं?' असं आपणहून विचारणारा डॉक्टर भेटला तर त्याला हे ठाऊक आहे असं समजावं.

पाटीवरचा क्रमांक

महाराष्ट्रात पशुवैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 साली सुरू झालं, ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांच्या रुग्णालयाच्या आवारात. नागपूरचं महाविद्यालय 1958 चं आणि परभणीचं 1972 चं. उदगीर आणि शिरवळ इथली महाविद्यालयं त्यानंतरची. ही सगळी 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात आणि त्या विद्यापीठाचं मुख्यालय नागपुरात आहे. पदवीचा अभ्यास इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. त्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, घोडा आणि कुत्रा हे सगळं येतं. पुढे एम.व्ही.एस्सी. करणारे शस्त्रक्रिया, औषधशास्त्र, प्रसूतिशास्त्र असा एखादा विषय घेतात.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्यायच्या. पहिली म्हणजे 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या पशुवैद्यालाच स्वतंत्रपणे उपचार करता येतात. दवाखान्याच्या पाटीवर, चिठ्ठीवर आणि लसीच्या पुस्तकातल्या सहीखाली नोंदणी क्रमांक असायला हवा. तो दिसला नाही तर नम्रपणे विचारावा. पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या दुकानात लस टोचणारे, ओळखीवर घरी येऊन इंजेक्शन देणारे लोक प्रत्येक शहरात आहेत. त्यांच्या हातून घेतलेल्या लसीची नोंद ना महापालिकेला चालते, ना विमा कंपनीला.

दुसरी गोष्ट, नोंदणी असलेला प्रत्येक डॉक्टर कुत्र्यांच्या रोजच्या कामातला असतोच असं नाही. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातले डॉक्टर रात्री-अपरात्री गोठ्यात जाऊन अडलेली गाय सोडवतात, त्यांचं कौशल्य कुणाहून कमी नाही. पण त्यांच्याकडे येणाऱ्या दिवसभराच्या रुग्णांत कुत्रे किती, हे विचारून घ्यावं. तालुक्याच्या गावी राहायला गेलेल्यांनी जवळच्या सरकारी दवाखान्याची ओळख ठेवावी आणि जोडीला जिल्ह्याच्या ठिकाणचा कुत्र्यांचं काम करणारा डॉक्टरही ठरवून ठेवावा. दोघांनाही एकमेकांचा फोन नंबर दिला तर अडचणीत फार उपयोग होतो.

जातीचाही विचार करावा लागतो. लातूर-सोलापूरकडच्या कारवान आणि पश्मी या आपल्या शिकारी जाती, किंवा शेजारच्या कर्नाटकातला मुधोळ, यांच्या अंगावर चरबी फार कमी असते. थायोपेंटोनसारखी जुनी भूल दिली तर त्यांना शुद्धीवर यायला फार वेळ लागतो. कोली जातीच्या अनेक कुत्र्यांमध्ये असा जनुकीय दोष असतो की आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतो. आपल्या कुत्र्याची जात पाहून डॉक्टर अशी सावधगिरी बोलून दाखवतो का, याकडे लक्ष द्यावं.

पहिली भेट

ओळखीपाळखीत विचारताना 'चांगला डॉक्टर सांगा' असं विचारलं तर प्रत्येक जण आपल्या डॉक्टरचं नाव सांगतो. त्यापेक्षा असं विचारावं: तुमचा कुत्रा गंभीर आजारी पडला होता तेव्हा डॉक्टर कसे वागले? या प्रश्नाला माणसं तपशिलात उत्तर देतात. सकाळी बागेत कुत्रा फिरवणारे, रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि त्यांची शस्त्रक्रिया करून घेणारे कार्यकर्ते, बोर्डिंग चालवणारे यांच्याकडे गावातली खरी माहिती असते. मी नागपुरात त्यांच्याकडूनच सुरुवात केली.

मग निरोगी कुत्रा घेऊन जावं, फक्त तपासणीसाठी. मी पाहिलेल्या एका दवाखान्यात काजू खोलीच्या एका कोपऱ्यात होती, डॉक्टर टेबलामागे होते, आणि तिच्या अंगाला हात न लावता चिठ्ठीवर टॉनिक, कॅल्शियम आणि जंताचं औषध लिहून झालं. तिथे पुन्हा जायचं नाही हे ठरवायला मला वेळ लागला नाही. दुसऱ्या एका दवाखान्यात डॉक्टर बाईंनी आधी काजूचं वजन केलं, कारण प्रत्येक औषधाचं प्रमाण किलोवर ठरतं. मग त्या जमिनीवर बसल्या. ओठ वर करून हिरडी पाहिली, बोटाने दाबून सोडली आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. दोन सेकंदांच्या आत तो यायला हवा. दातांवरची कीटं, डोळे, कान झाले. जबड्याखाली, खांद्यापुढे आणि गुडघ्यामागे लसिकाग्रंथी चाचपल्या, कारण गोचीडतापात आणि काही कर्करोगांत त्या वाढतात. हृदयाचे ठोके दोन्ही बाजूंनी ऐकले. पोट हळूच दाबून पाहिलं. दुखरा सांधा सगळ्यात शेवटी तपासला, म्हणजे दुखलं तरी आधीची तपासणी वाया जात नाही. हे सगळं करताना त्या काय पाहतायत ते मला सांगत होत्या आणि लिहूनही घेत होत्या.

पहिल्या भेटीत मी एवढंच पाहते: हात लावून तपासणी झाली का, कागदावर नोंद झाली का आणि मी विचारलेल्या प्रश्नाला समजेल असं उत्तर मिळालं का. दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर आलं पाहिजे. 'ताकदीचं दिलंय', 'तापाचं दिलंय' हे उत्तर पुरेसं नाही. लस देताना ती फ्रीजमधून काढली जाते का, हेही पाहावं. लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. कुपीवरचं लेबल, बॅच क्रमांक आणि मुदतीसह, पुस्तकात चिकटवून त्यावर सही व्हायला हवी.

शस्त्रक्रियेबद्दलही आधीच विचारावं. भुलीपूर्वी रक्त तपासता का? शस्त्रक्रियेच्या वेळी शिरेत सुई लावलेली असते का? भूल वायूची देता का, आणि ठोके व श्वास यांवर लक्ष ठेवायला वेगळं माणूस असतं का? जो डॉक्टर 'हे माझ्याकडे होत नाही, याच्यासाठी मी कॉलेजला पाठवतो' असं सरळ सांगतो त्याच्याबद्दल माझा आदर वाढतो. आपली मर्यादा ओळखून रुग्ण वेळेवर पुढे पाठवणं हा उत्तम डॉक्टरचा गुण आहे. महाविद्यालयाच्या रुग्णालयात थांबावं लागतं, विद्यार्थी आधी तपासतात, शेजारी शेळी आणि वासरू आपापली पाळी येण्याची वाट पाहत असतात. पण तिथे वेगवेगळ्या विभागांचे प्राध्यापक एका आवारात मिळतात, आणि अवघड दुखण्यात ती फार मोठी सोय आहे.

रात्री कोण?

काही दुखण्यांना सकाळपर्यंत वेळ नसतो. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमन अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट वायूने फुगून पिळा पडतो. कुत्रा ओकारी काढतो पण बाहेर काही येत नाही, पोट टणक होतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो जातो. नसबंदी न झालेल्या वयस्क कुत्रीला माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी गर्भाशयात पू साठतो. ती पाणी फार पिते, खाणं सोडते. नराची लघवी खड्याने अडते. पिल्लाला पार्व्हो होतो, रक्ताचे जुलाब लागतात आणि काही तासांत अंगातलं पाणी संपतं.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं: रात्री अकराला मी कुणाला फोन करू? प्रत्येक डॉक्टरने चोवीस तास उपलब्ध असावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, तीही माणसं आहेत. पण रात्रीसाठी कुठे जायचं, आणि डॉक्टर गावाला गेले तर त्यांच्या जागी कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार हवं. मुंबईत 2024 साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. अशी सोय अजून मोजक्याच शहरांत आहे. बाकी ठिकाणी रात्रीचा रस्ता आपल्यालाच आखून ठेवावा लागतो. तो पत्ता एकदा दिवसा जाऊन पाहावा, गाडी कुठे उभी करायची आणि फाटक रात्री उघडं असतं का, तेही विचारून ठेवावं. स्वतःची गाडी नसेल तर कुत्रा घेणारा रिक्षावाला कोण, हेसुद्धा आधी ठरलेलं असावं.

भीती

नव्या शहरात कुत्र्याचं सगळंच बदललेलं असतं: जिन्याचा वास, रस्त्याचे आवाज, फिरायची वेळ. त्यात दवाखाना म्हणजे अनोळखी माणूस, निसरडं टेबल आणि सुई. घाबरलेला कुत्रा ओठ चाटतो, पुन्हा पुन्हा जांभई देतो, डोळ्यांतला पांढरा भाग दाखवतो. ही चिन्हं ज्याला वाचता येतात तो डॉक्टर कुत्र्याला आवळून धरायला माणसं बोलवत नाही. अमेरिकेतल्या पशुवैद्य सोफिया यिन यांनी कुत्र्या-मांजरांना कमीत कमी ताण देऊन कसं हाताळावं यावर 2009 साली मोठं पुस्तक लिहिलं, आणि 2014 साली त्यांचं निधन झालं तोवर त्यांचा विचार जगभरच्या दवाखान्यांत पोचू लागला होता. आपल्याकडचे अनेक तरुण डॉक्टर आता तसं काम करतात. टेबलाऐवजी चटईवर तपासतात, सुई टोचताना चाटायला काही देतात, तपासणी दोन भेटींत विभागतात.

घाबरण्याला एक वैद्यकीय बाजूही आहे. भीतीने ठोके वाढतात, तापमान वाढतं, रक्तातली साखर वाढते, पोटातलं दुखणं कुत्रा दाबून धरतो. घाबरलेल्या कुत्र्याची तपासणी अपुरी होते. त्यामुळे डॉक्टर निवडताना आपल्या कुत्र्याचंही मत घ्यावं. काजू त्या बाईंच्या दवाखान्यात दुसऱ्यांदा गेली तेव्हा दारातून मागे वळली नाही. माझा निर्णय तिथे पक्का झाला.

भीतीचं आणखी एक कारण म्हणजे फटाके. नव्या शहरातली पहिली दिवाळी काही कुत्र्यांना फार जड जाते. त्यासाठी औषधं आहेत, पण ती आधी ठरवून, एकदा देऊन पाहून ठेवावी लागतात. नुसतं गुंगी आणणारं औषध दिलं तर काही कुत्रे हलू शकत नाहीत, पण आतली भीती तशीच राहते. हा फरक समजावून सांगणारा डॉक्टर आपल्या जवळचा.

पैसे, आणि आपली बाजू

प्राण्यांवरचे उपचार महाग झालेत. यंत्रं, तपासण्या, चांगली भूल यांना खर्च येतो आणि तो आपणच द्यायचा असतो. पण खर्चाबद्दल मोकळेपणाने बोलता आलं पाहिजे. कुठली तपासणी आज लागणार आहे, कुठली थांबू शकते आणि तिच्या निकालाने उपचारात काय बदलणार आहे, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. शस्त्रक्रियेआधी अंदाजपत्रक लिहून मागावं. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतो म्हटल्यावर जो रागावत नाही आणि कागद हातात देतो, तो भरवशाचा.

डॉक्टर चांगला मिळाला की आपलीही कर्तव्यं सुरू होतात. वेळेवर जावं. साखळी हातात धरून बसावं, कारण शेजारच्या पिशवीत मांजर असतं. क्षुल्लक गोष्टींसाठी मध्यरात्री निरोप पाठवू नयेत. डॉक्टरांना न विचारता माणसांची औषधं देऊ नयेत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात आणि मूत्रपिंडांत बिघाड होतो, पॅरासिटामॉलचा डोस चुकला तर यकृत खराब होतं. फराळाच्या ताटातले मनुके आणि चॉकलेटची मिठाई कुत्र्यापासून लांब ठेवावी. नव्या शहरातल्या महापालिकेचा परवाना काढावा, त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. आणि आपल्या कुत्र्याने कुणाला दात लावला तर ती गोष्ट लपवू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्यात धुवायला लावावी, त्या माणसाला लगेच दवाखान्यात पाठवावं, आणि आपला कुत्रा 10 दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवावा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लसीचं पुस्तक नीट ठेवणं ही शेजाऱ्यांबद्दलचीही जबाबदारी आहे.

एक प्रश्न विचारायला जड जातो, पण वयस्क कुत्रा असणाऱ्यांनी तो विचारावा. शेवटची वेळ आली, वेदना थांबवता येईनाशी झाली, तर डॉक्टर घरी येतील का? काही डॉक्टर येतात, काहींना ते जमत नाही. उत्तर कुठलंही असो, ते आधी माहीत असलेलं बरं. त्या दिवशी शोधाशोध करण्याची ताकद कुणात नसते.

तेव्हा ज्यांच्या घरात बदलीचं वारं आहे त्यांना माझी विनंती आहे. सामान बांधण्याआधी जुन्या डॉक्टरांकडून सारांश लिहून घ्या. नव्या गावी पोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात, कुत्रा ठणठणीत असताना, दोन-तीन दवाखाने पाहा. नोंदणी क्रमांक पाहा, तपासणारे हात पाहा, रात्रीचा पत्ता विचारा. ठरवलेल्या डॉक्टरकडे वर्षातून एकदा नुसत्या तपासणीसाठी जात राहा, आणि सात-आठ वर्षांवरच्या कुत्र्याला दोनदा न्या. आपल्या कुत्र्याला डॉक्टर निवडता येत नाही. ती निवड त्याच्या वतीने आपण करतो, म्हणून ती घाईत करण्याचा हक्क आपल्याला नाही.